बाईंचं अळणी

भाडं किती आणि डिपॉझिट किती हे बोलायच्या आधी आमच्या घरमालकीणबाईंनी मला विचारलं होतं, "सकाळी काय खाता?" मला पाचवा महिना होता, उन्हातून घरं बघून पाय भरून आले होते, आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला बाहेरूनच पसंत पडल्या होत्या. म्हणून खरं काय ते सांगून टाकलं, चहा आणि बेकरीतलं बटर. बाईंनी चष्म्याच्या वरून आधी माझ्या पोटाकडं बघितलं आणि मग माझ्या नवऱ्याकडं, जणू बटर त्यानंच शोधून काढलं होतं. खोल्या मिळाल्या. बटर त्या दिवसापासून बंद झालं.

दुसरी अट जास्त जड होती. त्या घरात मटण, मासे, अंडी शिजणार नाहीत आणि बाहेरून आणून खाल्लीही जाणार नाहीत. बाईंचं घर लिंगायत, त्यांच्या चुलीला असल्या गोष्टींचा वारा कधी लागला नव्हता. माझा नवरा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. रविवारी घरात मटण नसलं तर तो कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखा बसायचा. तरी 'चालंल' म्हणाला, कारण मी कागलच्या बँकेत नोकरीला होते आणि ह्या घरापासनं एसटी गाठायला सोपं पडायचं. पुढं तो दर रविवारी मित्राच्या घरी जेवायला जायचा आणि परत आला की बाई त्याला अंगणातल्या नळावर हात, तोंड आणि पाय धुवायला लावायच्या. पाय कशाला, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, पण विचारायची हिंमतही झाली नाही.

बाई म्हणजे खऱ्याच बाई. मुलींच्या हायस्कुलात गृहशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बोलणं शाळेतलं, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. फक्त रागावल्या की कोल्हापूर बाहेर यायचं. आसपासच्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळं त्यांच्याबरोबर मंडईत जायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा यायचा. कुणाच्या कडेवर बाळ दिसलं की त्या थांबायच्या आणि नमस्काराच्या आधी विचारायच्या, हा काय खातो. आजी झालेल्या बायकासुद्धा पदर सावरून उत्तर द्यायच्या आणि पोराच्या हातातलं बिस्कीट गुपचूप पिशवीत जायचं. एकदा साडीच्या दुकानात एका माजी विद्यार्थिनीनं नातवाच्या हातातला वेफर्सचा पुडा घाईघाईनं स्वतःच्या पदराआड दडपला. तो चुरचुर वाजत राहिला. बाई तिला शांतपणे इरकलीचे रंग दाखवत राहिल्या, एक झाला की दुसरा, पंधरा-वीस मिनिटं, आणि ती बिचारी हलली की पुडा वाजायचा.

पण त्यांचं खरं वेड बोंडल्यांचं. बोंडलं म्हणजे तान्ह्या बाळाला दूध नाहीतर औषध पाजायचं, चोच असलेलं छोटं भांडं. बाळाला पायावर आडवं घ्यायचं, चोच तोंडात घालायची आणि ओतायचं. गिळलं तर गिळलं, ठसकलं तर पाठीवर थापटायचं. बाईंचा त्या भांड्यावर मनापासून राग. बाळ बघायला म्हणून कुणाच्याही घरी गेल्या की आधी बोंडलं मागायच्या, उलटंसुलटं करून बघायच्या आणि पिशवीत टाकायच्या, वर्गात चिंचा जप्त कराव्यात तसं. बाळाचा पहिला वाढदिवस झाला की परत मिळायचं. पितळेची, स्टीलची, चांदीची अशी बोंडली त्यांच्या खिडकीत ओळीनं मांडलेली असायची. भांडायला आलेल्या कितीतरी आज्यांना त्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं, रिकाम्या हातानं. माझं माहेर हुपरीचं, घरात चांदीचंच काम. बारशाला माझ्या भावानं स्वतः घडवलेलं चांदीचं बोंडलं आणलं आणि पाळणा व्हायच्या आत ते खिडकीत जाऊन बसलं. घडण कशी वाटली, एवढं विचारायला भाऊ बाईंच्या दारात उभा राहिला होता. बाई म्हणाल्या, घडण उत्तम आहे, आता पैंजण कर.

बाईंकडं एक रबरी बाहुली होती. तोंडाला भोक पाडलेली, मान हलणारी, आयुष्यभर त्यांच्या वर्गात जेवलेली. निवृत्त होताना शाळेनं शाल दिली तेव्हा बाईंनी ही बाहुलीही मागून घेतली होती. माझं पोरगं पोटात असताना त्यांनी मला त्या बाहुलीवर सगळं शिकवलं, बाळाला मांडीवर ताठ कसं बसवायचं, चमचा खालच्या ओठाला टेकवून कसं थांबायचं. थांबायचं, यावर त्यांचा सगळा भर. "तोंड त्यानं उघडायचं. आपण उघडायचं नाही." हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं की एकदा बँकेत काउंटरवर गप्प उभ्या राहिलेल्या एका गिऱ्हाइकाकडं बघून माझ्या तोंडून जवळजवळ निसटलं होतं.

पोरगं सहा महिन्यांचं व्हायला आलं तेव्हा माझ्यापुढं एकच प्रश्न होता. साठवलेली सगळी रजा जोडून मी आणखी दोन महिने घरी राहू शकत होते, त्यानंतर बँकेत हजर व्हायचं. दिवसभर माझ्याविना राहायचं तर त्यानं तोवर वरचं खायला लागायला हवं होतं. बाटलीला तर तो तोंडही लावत नव्हता. सासूबाई बिद्रीजवळच्या गावात राहायच्या, म्हशी आणि शेत टाकून त्यांना इथं येता येत नव्हतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, नोकरी सोड. पोरगं मोठं झालं की बघू. मोठं म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. नवरा दोन्हीकडून मान हलवत होता. मी ती नोकरी परीक्षा देऊन, माझ्या हिमतीवर मिळवली होती आणि मला ती हवी होती. ती कुणाच्या सांगण्यावरून मी सोडणार नव्हते, पण पोराला उपाशी ठेवूनही जाणार नव्हते. हे बाईंना मी सांगितलं नव्हतं. एका सकाळी मी पाणी भरत असताना त्या नळाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "नोकरी सोडायची नाही. मी सांभाळते. पण खायला मी म्हणेन तसं." मी घागर भरायच्या आत हो म्हणाले.

बाईंच्या पद्धतीत गूढ काही नव्हतं. सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय काही नाही. मग नाचणीचं सत्त्व, मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला लाल भोपळा. मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही, मध तर अजिबात नाही. नवीन पदार्थ एका वेळी एकच, मग दोन-तीन दिवस थांबून बघायचं. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं, फक्त जरा हळू आवाजात.

उष्टावणाच्या दिवशी पहिली ठिणगी पडली. आमच्याकडं पहिला घास मामानं भरवायचा आणि तो खिरीचा. सासूबाई गावाहून तांदळाची खीर घेऊन आल्या होत्या, साखर अशी की चमचा उभा राहावा. साखर कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांची सकाळ होते त्या सासूबाईंना खिरीत साखर नको म्हणून सांगणं सोपं नव्हतं. इकडून बाई नाचणीची वाटी घेऊन आल्या. मध्ये पाटावर माझा भाऊ, मांडीवर टोपरं घातलेला भाचा. भाऊ एकदा इकडं बघायचा, एकदा तिकडं. शेवटी त्यानं खीर ओठाला लावली, पोरानं तोंड मिटलं. मग नाचणी लावली, पोरानं तोंड आणखी घट्ट मिटलं. एवढं निवाड्याचं डोकं ह्याच्या घराण्यात कुणाला नव्हतं, असं मी मनात म्हणाले. हसायला फक्त मलाच आलं होतं, कारण सासूबाईंचा चेहरा उतरला होता. त्या बाईंकडं वळल्या आणि बोलून गेल्या, "बाहुलीला भरवून पोरं मोठी हुत न्हाईत, बाई. आमी चार वाढवल्यात."

बाईंनी वाटीवर झाकण घातलं, पोराच्या पायाला हात लावला आणि आपल्या घरात गेल्या. मला सासूबाईंचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांना जेवताना वाढलंसुद्धा नाही. आणि तरीही ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण खोटं त्यात काहीच नव्हतं. बाईंनी खऱ्या पोराला कधी भरवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला बाई वाटी घेऊन हजर. काल काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, आण त्याला.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोरगं खाईचना. नाचणी थुंकली, भात थुंकला, भोपळा त्यानं बाईंच्या केसांत लावला. बाहुली कधी थुंकली नव्हती, पण बाईंनी ते मनावर घेतलं नाही. चमचा बदलला, वेळ बदलली, स्वयंपाकघरातून अंगणात आल्या, अंगणातून जिन्यावर. स्वतःचं ताट त्याच्यासमोर घेऊन जेवल्या. त्यानं तोंड फिरवलं की चमचा खाली, जबरदस्ती नाही, चिडणं नाही. पदर धुवायच्या आणि जाताना म्हणायच्या, "उद्या परत." मला मात्र एकेक दिवस जड जात होता. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि काट्यावरचा आकडा दोनदा बघितला. घाबरू नका म्हणाल्या, प्रयत्न सोडू नका, लोहाचे थेंब लिहून देते. रिक्षात बसून घरी येताना मी मनातल्या मनात राजीनाम्याचे शब्द जुळवत होते.

त्याच सुमारास नवऱ्यानं एका संध्याकाळी वैतागून पोराचे गाल दाबले आणि चमचा आत घातला. पोर ठसकलं, निळं-लाल झालं आणि दोन्ही खोल्या डोक्यावर घेतल्या. बाई आवाज ऐकून आल्या. आधी पोराला शांत केलं. मग नवऱ्याला पाटावर बसायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, ह्याचे हात मागनं धर. मी आनंदानं धरले. बाईंनी त्याचे गाल दोन बोटांत दाबले आणि गार झालेल्या नाचणीचा भला मोठा चमचा घशापर्यंत सारला. तो माणूस वितळलेल्या लोखंडाशेजारी दिवस काढणारा, पण डोळ्यांतून पाणी आलं. बाई विचारत होत्या, आवडली का, आणखी देऊ का, माझ्या हातनं परत जेवशील का. शेवटी रागानं कोल्हापूर बाहेर पडलं. "त्येला बोलाय येत न्हाय म्हणून त्येचं तोंड तुझ्या बापाचं झालं व्हय रं?" त्यानंतर कितीतरी दिवस बाई नुसती आमटी वाढायला पळी उचलायच्या तरी तो मागं सरकायचा.

रजा संपायला थोडेच दिवस उरले असताना सासरच्या गावची यात्रा आली. यात्रेला घरोघरी मटण. आमच्या भागात मटण शिजलं की तिखट घालायच्या आधी वरचं पाणी काढून ठेवतात, त्याला अळणी म्हणतात. लहान पोरं, म्हातारी माणसं, आजारी माणूस, ह्यांचा मान पहिला. सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन चुलीपुढं बसल्या होत्या. मीठ पडायच्या आधी त्यांनी वाटीभर अळणी काढलं, निवू दिलं आणि त्यात बोट बुडवून त्याच्या ओठाला लावलं. मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पोरानं त्यांचं बोट दोन्ही हातांनी धरलं आणि चोखायला लागलं. त्यांनी बोट काढून घेतलं तर ते ओरडलं. मग त्यांनी त्या पाण्यात भात कालवला, मटणाचा मऊ तुकडा तंतू-तंतू करून त्यात चुरडला आणि चमचा ओठाजवळ आणला. पोरानं तोंड उघडलं. कुणी गाल दाबले नव्हते, कुणी गाणं म्हटलं नव्हतं. त्यानं आपण होऊन 'आ' केला, गिळलं आणि परत केला. मी तिथंच राखेत बसून रडले.

सासूबाईंचं मोठेपण असं की त्या जिंकल्यासारखं बोलल्या नाहीत. त्याही डोळे पुसत होत्या. जेवणं उरकल्यावर मात्र त्यांनी विषय काढलाच. "आता हितंच ऱ्हाऊ दे त्येला. न्हायतर तू घरात ऱ्हा. तुझी बाई काय ह्ये शिजवून घालणार हाय व्हय?"

बाईंच्या घरात पोर राहणार, तर ते जे खातं ते तिथं येऊ शकत नव्हतं. लपवून बाहेर खायला घालावं असं नवरा म्हणाला, पण बाईंपासून लपवायचं म्हणजे बोंडलं पुन्हा आणण्यासारखंच होतं. परत आल्यावर मी सरळ त्यांच्या दारात गेले. त्या उद्याची नाचणी पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं, अळणी, भात, चुरडलेला तुकडा, सगळं. सूप खाली ठेवून त्यांनी एकच विचारलं.

"तोंड कुणी उघडलं?"

"त्यानंच, बाई."

त्यांनी मान हलवली, सूप उचललं आणि आत गेल्या. दिवसभर बाहेर आल्या नाहीत. मी दुसऱ्या घरांची चौकशी करायची का, असं नवऱ्याला विचारून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पडवीत उभ्या होत्या. म्हणाल्या, शिजवायचं बाहेर, मीठ न घालता. नुसतं पाणी देऊन पोट भरत नाही, त्यात भात आणि मांस मऊ करून हवंच. भांडं वेगळं, ते पडवीत राहील, पडवीतच त्या भरवतील, उंबऱ्याच्या आत येणार नाही. एवढं सांगून त्या अंगण झाडायला लागल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण केरसुणी मध्ये होती. नवऱ्याच्या मित्राच्या बायकोनं रोज सकाळी शिजवून डबा द्यायचं कबूल केलं आणि मी रजा पुढं न वाढवता बँकेत हजर झाले.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फोन केला. बाई म्हणाल्या, ठीक आहे, काम कर, आणि फोन ठेवला. मागं पोर रडत होतं की रेडिओ लागला होता हे मला कळलं नाही. त्या दुपारी काय झालं ते मला गल्लीच्या टोकाला मटणाचं दुकान असलेल्या चाचांनी नंतर सांगितलं. त्यांची बायको बाईंची विद्यार्थिनी.

"दारात बाई बघून मी सुरी खालीच ठेवली," चाचा म्हणाले. "वाटलं, दुकान बंद करा म्हणाय आल्यात. कडंवर तुमचं पोरगं, रडून लाल झालेलं. मी म्हणलं, बाई, तुमी कशाला आलासा, सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं की. तर म्हणल्या, पोराच्या तोंडात काय जाणार ते मला बघायला पाहिजे." मग त्यांनी चाचांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. सकाळचं आहे का, कुठला भाग लवकर मऊ होतो, हाड टोकदार नको, चरबी काढ. नाकाला पदर लावलेला, आणि पोरगं तो सारखा खाली ओढत होतं. तीन गिऱ्हाइकं मागं थांबली होती, पण कुणी आवाज केला नाही, चाचा म्हणाले, कारण त्यातल्या दोघांच्या आया बाईंच्या वर्गात होत्या.

गल्लीनं ते बघितलं आणि गल्लीनं ते गावभर केलं. बाईंची थोरली बहीण, त्यांची अक्का, संकेश्वरला असायची. दर महिन्याला यायची, चार दिवस राहायची. तिला कळलं तेव्हा ती फाटकातच उभी राहिली, आत आली नाही. बाईंनी अंगणात खुर्ची टाकली. म्हणाल्या, "पाणी पिऊ नकोस. पण पोराला बघून जा." अक्कानं पोराला बघितलं, गालाला हात लावला आणि त्याच पावली परत गेली. पुढं कितीतरी महिने ती आली नाही, आली तरी स्वतःची पाण्याची बाटली घेऊन यायची आणि पडवीत बसायची. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. अक्काची रिक्षा वळल्यावर त्या बराच वेळ फाटकाची कडी हातात धरून उभ्या होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, कडीला तेल घालायला पाहिजे. आता आम्ही उचगावला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, पोरगं शाळेत जातं, नाचणी काय आणि भोपळा काय, पुढ्यात येईल ते खातं. बाईंनी मटण स्वतः कधी तोंडात घातलं नाही. त्यांना कुणी बोललं तर त्या एवढंच विचारायच्या, की मग त्या दिवशी तुम्ही काय केलं असतं.

त्या पहिल्या दिवसाच्या संध्याकाळी मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. एसटीतून उतरून मी जवळजवळ पळतच आले. फाटकातच मटणाचा वास आला. आधी नवऱ्याचा संशय आला, म्हटलं आज ह्यानं आपल्याला घराबाहेर काढलं. पण तो अजून कामावरून आला नव्हता. पडवी रिकामी होती. बाईंच्या स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि वास तिथनं येत होता. त्यांच्या गॅसवर त्यांचा कुकर होता, झाकण काढलेला. बाई फरशीवर बसल्या होत्या, पदर नाकातोंडावर गच्च बांधलेला, मांडीला टेकून ताठ बसवलेलं माझं पोरगं. ताटात भात होता आणि बाई बोटांनी मटणाचा एकेक तंतू सोडवून, अंगठ्यानं चुरडून त्यात मिसळत होत्या. डोळे पाणावले होते, वासानं असेल. चमचा त्यांनी पोराच्या खालच्या ओठाला टेकवला आणि थांबल्या. त्यानं तोंड उघडलं.

मी उंबऱ्यावरच बसले. त्यांनीच पदराच्या आतून सांगितलं. सकाळचा डबा पडवीतल्या उन्हानं आंबला होता, तो टाकून दिला. दुसरं काही तो घेईना. पडवीत शेगडी नाही. एवढंच. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "इयत्ता नववी, आजाऱ्यांचा आहार. मटणाचं सूप. दर वर्षी फळ्यावर लिहून द्यायचे मी. केलं आज पहिल्यांदा."

मी रडायला लागले. म्हणाले, बाई, माझ्यासाठी तुम्हाला हे करावं लागलं, हे मला सहन होत नाही, उद्यापासून मी घरीच राहते, नोकरी गेली तर जाऊ दे. बरंच काही बोलले असेन. बाईंनी मला मध्येच थांबवलं नाही. पोराच्या तोंडातला घास संपेपर्यंत त्या माझ्याकडं वळल्याही नाहीत. मग त्यांनी पुढचा चमचा भरला, तो त्याच्या ओठाला टेकवला आणि त्याच्याकडंच बघत म्हणाल्या,

"रडून झालं असलं तर सांग. उद्या किती आणू?"